चाखले. चालेल.

भिण्यासारख्या जितक्या म्हणून गोष्टी या जगात आहेत, तितक्या सगळ्यांना एकट्याच्या बळावर भिऊन दाखवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. लोक विंचवाला भितात, सरकारला भितात, फार तर बायकोला भितात. आतोबा या तिघांना भीतच, शिवाय उघड्या कुलुपाला भीत, बंद कुलुपाला भीत, पत्र आलं की भीत आणि बरेच दिवस पत्र आलं नाही की त्याहून भीत. मी आंजर्ल्याहून रत्नागिरीला कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि आत्याकडे राहायला आलो, तेव्हा माझी ट्रंक ओटीवर टेकायच्या आत आतोबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "बापू, सामानात अफू नाही ना रे?" मी बावीस वर्षांचा, जन्मात कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. मी म्हटलं, "आतोबा, आईने दिलेली फणसपोळी आहे." त्यावर ते जरा सैल झाले, पण पुरते नाहीत. "फणसपोळीला हरकत नाही," ते म्हणाले, "सध्यातरी नाही."

आतोबा बाजारातल्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर रोगी तपासून चिठ्ठी लिहीत आणि जाळीच्या खिडकीमागे उभे राहून आतोबा औषधं कालवीत, बाटलीवर डोसांची कातरलेली पट्टी डकवीत, पुड्या बांधीत. गावात सगळे त्यांना कंपाउंडरभाऊ म्हणत. त्यांच्या ताब्यात एक लहानसं शिसवी कपाट होतं आणि त्यात अफू नि अफूपासून केलेली दोनचार औषधं असत. त्या काळात अफूचे नियम वर्षागणिक कडक होत चालले होते. किती ठेवायची, कोणाच्या परवान्यावर ठेवायची, कोणत्या वहीत लिहायची, याचे छापील कागद अबकारी खात्याकडून येत. डॉक्टर ते कागद टेबलाच्या खणात टाकीत आणि आतोबा ते खणातून काढून घरी आणीत व जेवताना आम्हाला मोठ्याने वाचून दाखवीत. आत्या वाढता वाढता म्हणे, "अहो, आमटी निवतेय. सरकार काही पळून जात नाही." कपाटाची किल्ली आतोबांनी जानव्याला बांधली होती. सकाळी परसाकडे जाताना जानवं कानावर चढवलं की ती किल्ली गालावर लोंबायची आणि चालताना किणकिण वाजायची, त्यामुळे कंपाउंडरभाऊ कुठे निघालेत हे अख्ख्या आळीला कळायचं. दवाखाना बंद करून निम्म्या वाटेवर आले की कुलूप लावलं की नाही या शंकेने परत फिरायचे आणि कुलूप तीनदा ओढून बघायचे. एकदा तिसऱ्या हिसक्याला कोयंडाच उखडून हातात आला. सुतार येईपर्यंत आतोबा कपाटाला पाठ लावून उभे राहिले. आतून डॉक्टर हाका मारताहेत, खिडकीपाशी रोगी खोळंबलेत, आणि हे तिथूनच ओरडताहेत, "येता येत नाही! कायद्याने येता येत नाही!"

वर्षातून एकदा अबकारी इन्स्पेक्टर कपाट तपासायला यायचे. त्याच्या आधी दोन दिवस आतोबांना अन्न जात नसे. एका वर्षी इन्स्पेक्टर ऐन पावसाळ्यात आले. काटा मांडला, अफू तोलली, वही पाहिली, आणि अफू वहीपेक्षा एक गुंज जास्त भरली. कमी नव्हे, जास्त! इन्स्पेक्टर हसले आणि म्हणाले, "कंपाउंडर, कमी आली असती तर विचारलं असतं. हवा दमट आहे, पाणी धरलंय तिने. करा सही." पण आतोबा सही करीनात. जास्तीची एक गुंज कुठून आली याचा खुलासा झाल्याशिवाय सही म्हणजे खोटी साक्ष, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी त्या वहीत आपल्या कोरीव अक्षरात लिहिलं, "पावसामुळे वाढ, एक गुंज," आणि मग चैत्रात पुन्हा तोलून, "उन्हामुळे घट, एक गुंज." इन्स्पेक्टर बदलून गेले तरी ही गोष्ट पुढच्या इन्स्पेक्टरला सांगून गेले, असं मी कचेरीत ऐकलं.

तान्ह्या पोरांच्या बाबतीत तर त्यांची तऱ्हा जगाच्या उलट. कामावर जाणाऱ्या बायका पोराला अफूची बारीकशी बाळगोळी चाटवून निजवीत, आणि खरं सांगायचं तर घरी बसणाऱ्याही निजवीत. त्यामुळे पोर रडलं की दुनिया बेचैन होते, आतोबा पोर रडलं नाही की बेचैन होत. आळीतून जाताना एखाद्या घरात पाळणा दिसला आणि आवाज नसला की हे उंबऱ्याशी थबकलेच. "पोर रडत का नाही गो?" एकदा आमच्या शेजारच्या सोनाराच्या सुनेने कपाळावर हात मारून घेतला. "अहो कंपाउंडरभाऊ, तासभर थोपटून आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा. झालं, उठवलंत!" पोराने टाहो फोडला. आतोबांनी पाळण्याला हात जोडले, "रड बाबा, रड," म्हणाले आणि समाधानाने पुढे गेले. पुढे पुढे बायका हुशार झाल्या. आतोबा लांबून येताना दिसले की पोराला हळूच चिमटा काढून रडवायच्या, म्हणजे ब्याद लवकर टळे.

अशा या माणसाला एकाच गोष्टीची भीती वाटत नसे, ती म्हणजे स्वतःच्या जिभेची. दवाखान्यात आलेलं प्रत्येक औषध ते आधी चाखून बघत. तुम्ही म्हणाल, कंपाउंडरने चाखायचं कशाला? तर त्या वेळची गंमतच अशी होती की गुंजभर अफूसाठी परवाना, वही, काटा, कुलूप आणि वर बेडीची धास्ती. पण मुंबईच्या कोणा व्यापाऱ्याने डब्यात खडूची भुकटी भरून वर कोयनेल म्हणून चिठ्ठी लावली, तर त्याला विचारणारा कायदाच नव्हता. आणि आमच्याकडे हिवतापावर औषध एकच, कोयनेल. "अफूला दहा पहारेकरी," आतोबा कळवळून म्हणत, "आणि ज्याच्यावर माणूस जगायचा त्या कोयनेलला एकही नाही. मग कोणी चाखायचं, सांग बघू?" त्या जिभेसाठी त्यांनी विडा सोडला होता, तिखट सोडलं होतं, चहा पार निवल्यावर पीत. खरं कोयनेल कसं ओळखायचं हे ते मला दर महिन्याला नव्याने समजावीत. "कोयनेल चढतं, बापू. टोकाला आधी काही कळत नाही. मग मागे सरकतं, मग घशात बसतं, आणि शेवटी कानाच्या पाळीपर्यंत जातं. कानापर्यंत गेलं की खरं." चाखताना ते डोळे मिटत, मान जराशी उजवीकडे कलती करीत, आणि निकाल देत. निकाल दोनच. "चालेल" किंवा "परत." चालेल म्हटलं की डब्याला एक चिठ्ठी चिकटवायची, "चाखले. चालेल," आणि खाली सही. एकदा चिठ्ठी लागली की तो डबा ते पुन्हा चाखत नसत. आपल्याच सहीवर संशय घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. या निकालाची सवय इतकी अंगवळणी पडली होती की आत्याच्या पुरणपोळीलाही "चालेल" यापलीकडे कधी पदवी मिळाली नाही. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलगी बघून आलो, सगळे तिच्या रूपागुणाचं कौतुक करताहेत, आणि आतोबांनी डोळे मिटले, मान कलती केली आणि म्हणाले, "चालेल." आमच्या सौभाग्यवती तो शब्द अजून विसरलेल्या नाहीत.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे ते वर्ष. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गप्पा ओटीओटीवर अजून चालू होत्या. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद, म्हणून चार महिन्यांचं औषध आम्हाला आधीच भरून ठेवावं लागे. त्या वर्षी कोयनेलचा मोठा डबा घेऊन मुंबईचा एक दलाल आला तो नेमका गुढीपाडव्याच्या सकाळी. माल स्वस्त म्हणून डॉक्टर खूश. दलालाला त्याच बोटीने पुढे वेंगुर्ल्याला जायचं होतं, म्हणून निकाल बंदरावरच हवा होता. आतोबांना घरी बोलावणं आलं. गुढी उभारून झाली होती, आत्याने कडुलिंबाचा पाला, ओवा, मीठ, गूळ वाटून हातावर दिला होता तो त्यांनी नुकताच खाल्ला होता, तेही चांगला मूठभर, कारण कमी खाल्ला तर वर्ष वाईट जाईल ही भीती. तसेच धावत बंदरावर गेले, भुकटी जिभेवर ठेवली, डोळे मिटले. कडवटपणा टोकाला होता, मागे होता, घशात होता आणि कानाच्या पाळीपर्यंतही होता. "चालेल," आतोबा म्हणाले. चिठ्ठी लागली, डबा माळ्यावर गेला. ज्या माणसाने जिभेसाठी ऊन चहा सोडला त्याला हे कसं सुचलं नाही, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण पाला त्यांनी खाण्यात धरलाच नव्हता. तो सणाचा विधी होता.

आषाढात ताप सुरू झाला. दर वर्षी व्हायचा, त्या वर्षी अंमळ जोराने. डबा माळ्यावरून खाली आला आणि पुड्या जाऊ लागल्या. लोक कोयनेलची पुडी गुळात नाहीतर केळ्यात घालून डोळे मिटून गिळायचे, त्यामुळे चव कोणाच्या फारशी ध्यानात यायची नाही. तरी एकदा कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, "काय हो, यंदाचं तुमच्या आतोबांचं कोयनेल फारच मवाळ. आमचा धाकटा मागून खातो." मी हसलो. अगदी खो खो हसलो, आणि घरी येऊन कोणाला सांगितलंसुद्धा नाही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

श्रावणाच्या तोंडाशी आत्या आजारी पडली. एकाआड एक दिवस दुपारी हुडहुडी भरायची, दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग अंगाची भट्टी व्हायची. आतोबांनी पुड्या आणल्या. तापाची दुसरी पाळी आली, तिसरी आली, तो हटेना. आतोबा घरभर येरझारा घालीत, देवाजवळ उभे राहत, पुन्हा येऊन तिच्या कपाळाला हात लावीत. तिसऱ्या पाळीनंतरच्या सकाळी आत्या पुडी तोंडात टाकून म्हणाली, "अहो, हे गोडसर लागतंय हो."

"तापाने तोंड बिघडलंय तुझं."

"तापाने तोंड कडू होतं. गोड झालेलं कधी ऐकलंयत?"

आतोबांनी पुडीतली उरलेली भुकटी बोटावर घेतली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मान कलती केली. आम्ही वाट बघतोय आणि हे डोळे उघडीनात. शेवटी म्हणाले, "बापू, जीभ काढ." मला वाटलं, यांना वेडबीड लागलं की काय! त्यांनी माझ्या जिभेवर भुकटी ठेवली. "कानापर्यंत जातंय का?" मी म्हटलं, "आतोबा, कुठेच जात नाही. पिठासारखं लागतंय." ते मटकन खाली बसले. इतकंच म्हणाले, "पाडवा होता रे त्या दिवशी. पाला खाल्ला होता मी."

तसेच उठून दवाखान्यात गेले. मी कचेरीला जाता जाता बरोबर होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं. डॉक्टरांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं. "कोणाला कळलंय?" त्यांनी विचारलं. "कोल्हापूरच्या मोटारीने दुसरं मागवतो. तोवर तोंड उघडू नका. गावात बभ्रा झाला तर दवाखाना बसेल. आणि कंपाउंडर, माल पसंत कोणी केला होता? सही कोणाची आहे डब्यावर?" आतोबांनी धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला होता. या माणसाने डॉक्टरांना आजवर उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "माझी आहे. म्हणूनच मला सांगायला हवं." आणि डब्यावरची ती चिठ्ठी नखाने खरवडून काढून त्यांनी खिशात घातली.

पण सांगायचं कोणाकोणाला? पाच वर्षांपूर्वी कोणाच्या पोटशुळाला अफूच्या अर्काचे किती थेंब गेले ते त्यांच्या वहीत सापडलं असतं, कारण कायद्याने ती वही ठेवायला लावली होती. कोयनेलची वही कोणी मागितली नव्हती, म्हणून ती नव्हती. आतोबा डोळे मिटून एकेक नाव आठवू लागले आणि मी हाताला लागेल त्या लखोट्यावर ती लिहू लागलो. मध्येच डोळे उघडून म्हणाले, "लखोटा सरकारी आहे का रे हा?" मी कपाळाला हात लावला. "आहे. लिहू की नको?" "लिही," ते म्हणाले, "त्याचं मागाहून बघू." त्या दिवशी मी कचेरी बुडवली. आधी सरकारी इस्पितळात गेलो. तिथले कंपाउंडर आतोबांचे जुने स्नेही, पण तापाची गर्दी इतकी की त्यांचंही कोयनेल संपत आलेलं. नवा साठा कोल्हापूरहून निघाला होता आणि आंबा घाटात दरड कोसळून मोटार पलीकडे अडकली होती. त्यांनी आठ पुड्या दिल्या. "वहिनींपुरत्या आहेत. जास्त मागू नका, भाऊ," ते म्हणाले. आतोबांनी रीतीप्रमाणे एक चिमूट चाखली, आधी तीनदा चुळा भरून. त्यांचा चेहरा कानापर्यंत कडू झाला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते कोयनेलचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

मग एका छत्रीत दोघे, घरोघर. प्रत्येक दारात आतोबांचं भाषण एकच : "आमच्याकडून नेलेली पुडी कोयनेल नव्हे. चाखण्यात माझी चूक झाली. ती टाकून द्या. घाट मोकळा झाला की इस्पितळात जा." पहिल्या दारात मात्र त्यांनी मलाच पुढे केलं, मलाच बोलावं लागलं. तिसऱ्या घरात एक विधवा बाई इतकी बोलली, इतकी बोलली की मला पळून जावंसं वाटलं. आतोबा मान खाली घालून शेवटपर्यंत उभे राहिले आणि ती थांबल्यावर म्हणाले, "ताप आला की डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेवा हो." आमच्या आळीतले एक म्हातारे तांबट मात्र पुड्या परत द्यायला तयार होईनात. "मला याच्यानेच गुण येतोय," ते म्हणाले, "तुमचं ते कडूजहर तुमच्यापाशी ठेवा." आतोबांनी परोपरीने सांगितलं, हातापाया पडले, तेव्हा कुठे त्यांनी पुड्या दिल्या, त्याही रागाने.

शेवटचं घर खाली खाडीच्या बाजूला, एका मुसलमान तांडेलाचं. पावसाळा म्हणून गलबत नांगरलेलं आणि सगळे बाप्ये घरात. तांडेल उंचापुरा, मनगट माझ्या दंडाएवढं. आतोबा मला वाटेत म्हणाले, "इथे आपल्याला मार बसणार, बापू. तू लांब उभा राहा." पण मार बसला नाही. त्याच्या धाकट्या मुलाची बायको आत तापाने बरळत होती, आणि ते बरळणं बाहेर ऐकू येत होतं. तांडेलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही पावसात आलात नि सांगितलंत. आता काय करायचं तेवढं सांगा." काय करायचं याचं उत्तर आतोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, आणि ते मला माहीत होतं. मी त्यांची बाही ओढली. आत्याला पुरतील एवढ्याच होत्या त्या! आतोबांनी खिशात हात घातला, पुड्या बाहेर काढल्या, चार मोजून तांडेलाच्या हातावर ठेवल्या आणि कशा द्यायच्या ते दोनदा समजावून सांगितलं. मला असा संताप आला की परतीच्या वाटेवर मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली तेवढंच.

घराच्या पायरीशी त्यांचे पाय अडखळले. "तुझ्या आत्याला काय सांगू रे?" ते पुटपुटले. काही सांगावं लागलं नाही. तिने पुड्या बघितल्या आणि विचारलं, "एवढ्याच मिळाल्या?"

"आठ होत्या," आतोबा म्हणाले. "निम्म्या दिल्या. खाडीकडच्या तांडेलाची सून आहे."

"वय काय तिचं?"

"असेल अठरा-एकोणीस."

"मग निम्म्याच का दिल्यात?" असं म्हणून आत्या भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढचे चार दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. चार पुड्यांनी ताप दबला, पण गेला नाही. मोटार आज येणार, उद्या येणार, दरड काढताहेत, अजून एक कोसळली, अशा बातम्या येत. आतोबा सकाळपासून मोटारीच्या थांब्याशी जाऊन उभे राहत, अर्ध्या तासाने घरी धावत येत, आत्याच्या नाकाशी बोट धरीत, पुन्हा थांब्याशी जात. तिला झोप लागली की तिला हाक मारून जागं करीत. "अहो, निजू द्या की हो मला," ती क्षीणपणे म्हणे. आणि हे म्हणत, "निज, निज. पण मधूनमधून बोलत जा." पाचव्या दिवशी दुपारी चिखलाने माखलेली मोटार आली. इस्पितळात आतोबांच्या आधी अर्धं गाव रांगेत उभं होतं, पण लोकांनीच त्यांना पुढे ढकललं. आत्या वाचली. तांडेलाची सूनही वाचली. पुढे महिन्याने तांडेल स्वतः आला. आमच्याकडे मासळी चालत नाही हे ध्यानात ठेवून त्याने शहाळी आणली होती. तांबट मात्र त्याच पंधरवड्यात गेले. डॉक्टर म्हणाले, वयच झालं होतं, कोयनेल मिळतं तरी गेले असते. ते आतोबांना कधीच पटलं नाही. त्या दारावरून जाताना ते डोक्यावरची टोपी काढून हातात घेत, आणि दहा पावलं पुढे गेल्यावर पुन्हा घालीत. हे मरेपर्यंत चाललं.

डॉक्टरांनी त्यांना काढून टाकलं नाही, आणि काढताही आलं नसतं. खिडकीशी येणारा जो तो आता विचारी, "कंपाउंडरभाऊ, तुम्ही चाखलंयत ना?" आतोबा अबकारी इन्स्पेक्टरांकडे फिर्याद घेऊन गेले. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "डब्यात अफू होती का? गांजा? भांग? मग हे आमच्या खात्याचं नव्हे." तिथून आतोबांनी सरकारला अर्ज करायला घेतले. दर महिन्याला एक. ते कचेरीत माझ्याच टेबलावर येत, कारण आवक टपाल मी घेत असे. सकाळी घरी एकत्र बसून पेज जेवलेला माणूस अकरा वाजता खिडकीपलीकडून मला "मेहेरबान साहेब" म्हणून अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचा नाही. अर्जात असायचं की, ज्याअर्थी माणसाला गुंगवणाऱ्या पदार्थाची सरकार इतकी काळजी घेतं, त्याअर्थी त्याला जगवणाऱ्या पदार्थाचीही घ्यावी, प्रत्येक जिल्ह्यात औषधं पारखणारा एक अधिकारी नेमावा, आणि शेवटचं कलम, "सदर अधिकाऱ्याने पारखण्याच्या दिवशी कडुलिंबाचा पाला खाल्लेला नसावा." साहेब हसून लोळत. मी हसत नसे. आपला अर्ज पावला, योग्य त्या खात्याकडे धाडला आहे, असं उत्तर यायचं. ते उत्तर बघून आतोबा पुन्हा घाबरायचे, की आपण सरकारला राग तर नाही ना आणला. त्यानंतरच्या एकाही पाडव्याला त्यांनी पाला खाल्ला नाही. त्यांच्या वाटचा आत्या खायची, आपल्या पाल्यावर आणखी एक मूठ, तोंड वाकडं न करता.

आतोबा गेले तेव्हा जानव्याची किल्ली डॉक्टरांकडे पोचती करायला मीच गेलो. त्यानंतर काही वर्षांनी तसा कायदा खरोखरच झाला. औषध खरं की खोटं ते आता सरकार तपासतं, बाटलीवर छापतं, आणि खोटं विकणाऱ्याला शिक्षा होते. तो अधिकारी पाला खातो की नाही, मला ठाऊक नाही.

परवा आत्याला ताप आला. आता ती थकली आहे, ऐकू कमी येतं, माणसं ओळखायला वेळ लागतो. मी दुकानातून गोळ्या आणल्या, तिच्यापुढे धरल्या, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मी म्हटलं, "आत्या, सरकारने तपासलेल्या आहेत गो." तिने मान हलवली. "चाखल्यात का?" मी पाकीट दाखवलं, छापलेलं वाचून दाखवलं, आमच्या हिनेही समजावलं. तिचं आपलं एकच, "कोणी चाखल्यात का?" शेवटी मी एक गोळी मोडून तिचा तुकडा जिभेवर ठेवला. "डोळे," आत्या म्हणाली. मी डोळे मिटले. मान जराशी उजवीकडे कलती केली. गोळी कडू होती, पण इतकी की कानापर्यंत जावी अशी काही नव्हती. बराच वेळ मी तसाच राहिलो, कारण ते लगेच बोलत नसत. मग म्हटलं, "चालेल."

आत्याने तोंड उघडलं.